मावशी, बिनशेवेच्या पोह्यांबद्दल

प्रिय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. शिवाय इथे इंदुरात, रामबागेत किंवा छावणीत आज कुणी तरी बाई डायलिसिसची फाइल मांडीवर घेऊन बसली असेल. तिच्याही हाती ते पडावं. मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले असते तर दोन वाक्यांतच गळा भरून आला असता.

ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्याला आता दीड वर्ष होईल. आठवड्यातून तीनदा मशीन, दर वेळी चार तास. सुरुवातीला घरी माणसांची रीघ होती. मोबाइलवर गरुडाची चित्रं यायची, खाली बायबलातल्या यशयाच्या ४० व्या अध्यायातलं वचन. मी ती ह्यांना दाखवायची आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुढे येणारे कमी झाले. तुम्ही यायला लागलात ते तेव्हापासून.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाला. डब्यात पोहे. शेंगदाणे नाहीत, मीठ बेताचं, वर शेव नाही. इंदुरात जन्म गेलेल्या माणसाला शेवेशिवाय पोहे म्हणजे काय, हे मी नगरकडची असूनही इतक्या वर्षांत शिकले आहे. तुम्हाला कसलंच पथ्य नव्हतं, तरी ह्यांच्यासमोर बसून तुम्हीही तसेच पोहे खाल्लेत. ह्यांना दिवसाचं पाणी मोजून असतं, म्हणून तुम्ही आमच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा कधी मागितला नाहीत.

आता ती रात्र. कोणी सांगितलं होतं ते लिहीत नाही, मनात राग उरलेला नाही. "विश्वास पक्का असेल तर मशीन कशाला?" एवढंच ते बोलले होते. ह्यांनी ते मनावर घेतलं आणि मंगळवारी जायचं नाकारलं. मीही जोर केला नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, कदाचित हाच तो दिवस, आज देव नवं करील. बुधवारी रात्री दोनला ह्यांना श्वास घेता येईना. अंगातलं पाणी फुप्फुसात चढलं होतं. रिक्षात ह्यांचं डोकं मांडीवर धरून तुम्ही बसला होतात. मशीन लागली आणि पहाटे ह्यांचा श्वास नीट चालू लागला.

तुम्ही रागावला नाहीत. तिथल्या बाकड्यावर बसून मला बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितलीत. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागत होता. देवदूत आला, पण त्याने विश्वास कमी पडल्याचा ठपका ठेवला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तर दूत पुन्हा आला आणि पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट त्याला झेपणारी नव्हती. "भाकर देवाचीच होती ना? मग मशीन कुणाची?" एवढं विचारून तुम्ही चहा आणायला गेलात. त्या दिवसापासून ह्यांनी मशीनचा एकही दिवस चुकवलेला नाही.

त्यानंतर आपण बायबलातलं विलापगीत वाचायला घेतलं. रविवारची उपासना हिंदीत, पण रडायला मराठीच लागते, असं तुम्ही म्हणालात. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, त्या राखेत बसून म्हटलेली ही पाच गीतं. हिब्रू मुळाक्षरं २२. पहिलं, दुसरं आणि चौथं गीत त्या अक्षरांच्या क्रमाने चालतं. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन तीन ओळी, म्हणून वचनं ६६. शाळेत तीस वर्षं बाराखडी शिकवलेल्या तुम्ही पानावरून बोट फिरवत म्हणालात, "अ पासून ज्ञ पर्यंत रडू दिलंय बघ देवाने."

आणि देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन येतं तिसऱ्या अध्यायात, अगदी मधोमध. त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं. शेवटी शेवटी, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर, अशी विनवणी आहे आणि त्यानंतरचं अखेरचं वचन तर काळजाला घरंच पाडतं. मी समजत होते की संकट सरलं की आशा येते. किडन्या बऱ्या होतील तेव्हा देवाने वचन पाळलं असं म्हणायचं, तोवर थांबायचं. म्हणून तर मी बायबल उघडणं सोडलं होतं. हे मी तुम्हालाही कधी बोलले नव्हते. तुम्हाला कळलं असणार.

ह्यांच्या डाव्या मनगटावरच्या फिस्टुलावर, म्हणजे मशीनसाठी शीर आणि धमनी जोडलेल्या जागेवर, रोज सकाळी बोट ठेवून बघायचं असतं, आत थरथर लागते की नाही. ती असली म्हणजे रक्त नीट वाहतंय. मी ते भीतभीत करायची. एके दिवशी तुम्ही स्वतःचं बोट तिथे टेकवलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आहे. आजची आहे." उद्याचं काही बोलला नाहीत. आता रोज हे स्वतःच तसं करतात. मनगटावर बोट ठेवतात, "आजची आहे" म्हणतात, मग प्रार्थना. ह्यांचं वजन उतरलंय, कातडी काळवंडलीय. पण प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या मंडळीला, लिहिलेलं, बाहेरचा माणूस झिजतो तरी आतला दिवसेंदिवस नवा होतो, ते मी समोर बसून बघते आहे. परवा ह्यांनी शेजारच्या पलंगावरच्या घाबरलेल्या मुलाला त्याची थरथर शोधून दिली.

मावशी, गुरुवारी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन. घरी आलात की सकाळी सहाला मी येईन, मशीनच्या दिवशी थोडी आधी. पोहे आणीन, शेव वेगळ्या पुडीत. ती तुम्ही खायचीच आहे, ह्यांनी बजावून सांगितलंय.

तुमची,
रामबागेतली सून