सात आठवड्यांत दोनदा केलेलं अपग्रेड आणि पडून राहिलेली रॅम

दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या कॉलेज रोड, नाशिक शाखेने चुकीच्या सल्ल्याने विकलेली रॅम परत घेण्याबाबत

महोदय,

पंचवटीत घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनं, मंगलाष्टका, वणीच्या देवीची गाणी, गणपतीच्या तोंडावर ढोलपथकं, असं काम येतं. कॉम्प्युटर २०१७ सालचा, प्रोसेसर आय-सेव्हन ७७००.

८ सप्टेंबरला मशीन शाखेत आणलं तेव्हा अडचण नीट सांगितली होती. बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर त्याचे जेवढे बारीक तुकडे, म्हणजे सॅम्पल, साठवून ठेवतो तो साठा) १२८ सॅम्पलवर ठेवला की रेकॉर्डिंगमध्ये तडतड येते. १०२४ वर नेला की तडतड जाते, पण गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. नवरात्राचं गाणं म्हणायला आलेल्या मावशी दुसऱ्याच ओळीला थांबल्या, "दादा, माझाच आवाज माझ्या मागून येतोय." हे जसंच्या तसं तुमच्या इंजिनिअरला सांगितलं. त्यांनी कॅबिनेट न उघडताच निदान केलं, "रॅम कमी पडतेय सर. सोळा जीबीच्या दोन टाका, सोबत एसएसडी. पाच वर्षं बघायला नको."

रॅम ६,४००, एसएसडी (वेगवान स्टोरेज डिस्क) ६,२००, मजुरी १,५००. खोटं कशाला बोलू, एसएसडीने फरक पडला. तबला-हार्मोनियमची सॅम्पल लायब्ररी (तयार आवाजांचा संच) उघडेपर्यंत पूर्वी चहा करून व्हायचा, आता गॅस पेटवेपर्यंत उघडते. तडतड मात्र होती तिथेच.

दिवाळीनंतर, २७ ऑक्टोबरला परत आलो. तेच इंजिनिअर, तेच काउंटर. आता म्हणाले, "विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपला. तुमचा प्रोसेसर सातव्या जनरेशनचा, विंडोज ११ च्या यादीत नाही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलावा लागेल." नव्या बोर्डाला रॅम डीडीआर-५, म्हणजे पुढच्या पिढीची, लागते. तुम्हीच सात आठवड्यांपूर्वी बसवलेली डीडीआर-४ त्यात जातच नाही, पट्टीवरची खाचच वेगळ्या जागी असते.

माझा आक्षेप इथे आहे. विंडोज ११ ला कोणता प्रोसेसर चालतो हे २०२१ पासून जाहीर आहे. १४ ऑक्टोबर ही तारीखही मायक्रोसॉफ्टने काही वर्षं आधीच सांगितलेली. मशीनवर प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात आहे. ८ सप्टेंबरला ते एकदा वाचलं असतं तर रॅम विकायची वेळच आली नसती. मी गाण्यातला माणूस, हे मला माहीत नसणं समजू शकतं. तुमचा तर धंदाच हा आहे.

प्रोसेसर २१,५००, बोर्ड १२,३००, नवी रॅम १४,९००. रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरमुळे चढलेत असं सांगितलं गेलं, आणि ते खरंही आहे. जुनं विंडोज जुन्या बोर्डाशी बांधलेलं, म्हणून लायसन्सचे पैसे निराळे. दोन प्लगइनचं (रेकॉर्डिंगच्या जोड-सॉफ्टवेअरचं) ॲक्टिव्हेशन उडालं, ते मेलामेली करून मीच परत मिळवलं.

एवढं करून मशीन घरी आणलं, बफर १२८ वर ठेवला, आणि तीच तडतड! शाखेत नेलं तर इंजिनिअरनी रेकॉर्डिंग करून न बघता नुसतं यूट्यूबवर गाणं लावून "क्लिअर आहे सर" म्हणून परत पाठवलं. शेवटी ढोल वाजवणाऱ्या एका मित्राच्या सांगण्यावरून यूएसबीचा वाय-फाय डोंगल उपसला. तडतड बंद. हा डोंगल जुन्या मशीनचाच, तुमच्या माणसाने काढून नव्याला लावलेला. म्हणजे मूळ दुखणं कदाचित तेवढंच होतं. जुन्या मशीनवर खात्री करायची सोय नाही, कारण जुना बोर्ड आणि प्रोसेसर तुम्हीच १,८०० रुपयांत घेतलात. बोर्ड घेतलात, पण त्यावर बसणारी, तुमच्याच दुकानाची रॅम मात्र "डबा फोडलाय" म्हणून नको! डीडीआर-४ चेही भाव आज वर गेलेत, ती परत घेण्यात तुमचा तोटा कसा, हे मला कळलेलं नाही.

रॅमचे ६,४०० आणि पहिल्या वेळची मजुरी १,५००, असे ७,९०० रुपये परत मिळावेत. एसएसडी वापरात आहे, तिचे मागत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार करीन.

दोन्ही बिलांच्या प्रती जोडल्या आहेत. रॅमच्या पट्ट्या मूळ डब्यात ठेवल्यात, कधीही घेऊन जावे.

आपला,
(नाव व मोबाइल क्रमांक बिलावर आहेत तेच)
पंचवटी, नाशिक