हायब्रिड गाडीचे आयुष्य आठ वर्षांचे नव्हे

महोदय,

गेल्या काही वर्षांत गोव्यात हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विद्युत मोटर व तिची बॅटरी असलेल्या गाड्यांची संख्या चांगलीच वाढली असून, मोपा आणि दाबोळी विमानतळांवर येणाऱ्या टॅक्सींपासून फोंडा-म्हापशातील घरगुती गाड्यांपर्यंत त्या सगळीकडे दिसू लागल्या आहेत. त्यांच्याबरोबर एक समजही पसरला आहे. आठ वर्षांची वॉरंटी संपली की बॅटरी जाते, नव्या बॅटरीचा खर्च परवडत नाही आणि मग गाडी भंगारात काढण्यावाचून गत्यंतर नसते, असे लोक ठामपणे सांगतात. मोटार मेकॅनिक हा विषय शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. गाडी घेण्यापूर्वी सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण आजही हीच शंका घेऊन येतात. माझ्या मते हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो घातकही आहे, कारण त्यामुळे मालक फक्त बॅटरीची धास्ती घेऊन बसतो आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत गाडीचे खरे नुकसान जिथे होते तिकडे त्याचे लक्षच जात नाही.

हायब्रिड गाडी किती टिकते याचा अनुभव जगाला आता पुरेसा आहे. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली, म्हणजे या तंत्राला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०११ साली २००२ ची एक प्रियस तपासली. ती दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली होती आणि तिची बॅटरी मूळचीच होती. तरीही तिचे मायलेज त्याच संस्थेने दशकभरापूर्वी जवळपास नव्या गाडीवर मोजलेल्या मायलेजइतकेच भरले. आपल्याकडे होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, प्रियस २०१० मध्ये आणि कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये आली. पण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील हायराइडर, ग्रँड व्हिटारा आणि सिटी हायब्रिड या गाड्या २०२२ मध्ये आल्या आणि इनोव्हा हायक्रॉस त्या वर्षाच्या अखेरीस. याचा अर्थ गोव्यातील बहुतांश हायब्रिड गाड्या अजून तरुण आहेत आणि त्यांच्या वॉरंट्या २०३० पासून संपू लागतील. त्या वेळी त्या कोणत्या अवस्थेत असतील, हे आज त्यांची निगा कशी राखली जाते त्यावर ठरणार आहे.

बॅटरी इतकी वर्षे का टिकते, हे समजून घेतले तर भीती बरीच कमी होते. या गाडीची बॅटरी लहान असते. हायराइडरची जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते, तर पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची तीस-चाळीस युनिट किंवा त्याहूनही अधिक. परंतु गाडीतील संगणक ही लहान बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, तो तिला सतत मधल्या पट्ट्यात खेळवत ठेवतो. बॅटरीची झीज सर्वाधिक होते ती या दोन टोकांना आणि उष्णतेत. टोके संगणक सांभाळतो. उष्णता सांभाळणे मात्र मोठ्या प्रमाणात मालकाच्या हाती असते.

शिवाय टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा क्लच नसतो, वेगळा स्टार्टर नसतो, अल्टरनेटर नसतो, आणि गिअरबॉक्सच्या जागी दातेरी चाकांचा एक साधा संच व दोन विद्युत मोटरी असतात. साध्या गाडीत जे सुटे भाग लाखभर किलोमीटरनंतर पैसे मागू लागतात, त्यांतले कितीतरी येथे नाहीतच. (नावापुढे हायब्रिड लिहिलेली प्रत्येक गाडी या प्रकारातली नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर बसवलेल्या माइल्ड हायब्रिडला हे विवेचन लागू होत नाही; ती देखभालीच्या दृष्टीने साधी पेट्रोल गाडीच.)

आता गोव्याकडे वळतो. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस, किनाऱ्यावरचे खारे वारे आणि डिचोली-कुडचड्याच्या बाजूची लाल धूळ, एवढे सगळे गृहीत धरून कोणत्याही कंपनीने सर्व्हिसिंगचे वेळापत्रक छापलेले नाही. सगळ्यात आधी फटका बसतो तो ब्रेकना. हायब्रिड गाडीचा वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते आणि त्यातून वीज बनवते, त्यामुळे ब्रेक पॅड फार सावकाश झिजतात आणि मालकाला त्याचे कौतुक वाटते. पण जो ब्रेक वापरला जात नाही तो आमच्या हवेत गंजतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये गेल्या पावसाळ्यानंतर अशी एक गाडी आली होती. मागच्या चाकांचे पॅड जवळजवळ नव्यासारखे जाड, पण पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकपिना इतक्या जाम झालेल्या की ठोकल्याशिवाय निघेनात. त्यांच्यावरचे रबरी बूट फाटून आत तपकिरी चिखल साचला होता, आणि डिस्कच्या कडेला गंजाची नखभर उंच कड चढली होती. मालक म्हणत होता की पॅड शिल्लक आहेत म्हणून ब्रेक उघडायची गरज नाही असे त्याला सांगण्यात आले होते. किनारपट्टीत हा हिशेब चालत नाही. पॅड कितीही शिल्लक असोत, वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस सरल्यावर, चारही चाके काढून पिना साफ कराव्यात, त्यांना योग्य ते ग्रीस लावावे, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्याची आमच्याकडे ददात नाही.

दुसरी जागा आहे बॅटरीच्या पंख्याची. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी प्रवाशांच्या खोलीतलीच हवा ओढली जाते आणि त्या हवेची जाळी बहुधा मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली असते. तेथे एक छोटा फिल्टर असतो. तो बाहेर काढून पाहा: लाल मातीचा थर, गालिच्याचे धागे, घरात कुत्रा असल्यास त्याचे केस, आणि हे सगळे दमट हवेने एकजीव होऊन नमद्यासारखे घट्ट बसलेले. एवढा फिल्टर तुंबला की पंखा जोरात ओरडतो, बॅटरी तापते आणि तिची वर्षे गळू लागतात. काही मिनिटांचे हे काम सर्व्हिसिंगच्या बिलात क्वचितच दिसते, म्हणून मालकाने ते आठवणीने मागून घ्यावे, आणि त्या जाळीसमोर बाजाराच्या पिशव्या रचू नयेत.

तिसरा प्रश्न गोव्याचा अगदी खास आहे, तो म्हणजे उभ्या गाड्यांचा. घरातला कर्ता माणूस बोटीवर किंवा गल्फमध्ये, गाडी अंगणात झाकून ठेवलेली, आणि चतुर्थीला तो परत आला की गाडी सुरूच होत नाही. अशा वेळी बहुधा दगा देते ती बारा व्होल्टची साधी बॅटरी, आणि लोक समजतात की मोठी बॅटरी गेली. मोठी बॅटरीही महिनोन्महिने पडून राहिली तर हळूहळू उतरते आणि त्याने तिचे नुकसान होते, म्हणून घरच्या माणसांनी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास प्रत्यक्ष रस्त्यावर फिरवून आणावी. पोर्वरीच्या कोंडीत गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बसण्याची सवयही सोडावी, कारण न्यूट्रलमध्ये ही बॅटरी भरत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना बॅटरी लवकर भरते आणि मग मोटरचा रोध कमी पडतो. ज्या गाड्यांच्या गिअर दांड्यावर इंजिनाचा रोध वाढवणारी ‘बी’ ही स्थिती आहे त्यांत ती अशा लांब उतारावर वापरावी.

मिठाबद्दल एक दाखला देतो. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेथे टोयोटाच्या २०१९ पासूनच्या आरएव्ही-४ हायब्रिड गाड्यांत मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलचा जोड गंजण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला त्या केबलची वॉरंटी वाढवावी लागली. आपल्याकडील बहुतेक हायब्रिडमध्ये मागची मोटर नाही आणि आपल्या रस्त्यांवर मीठही टाकत नाहीत, परंतु कळंगुट किंवा कोलव्याला समुद्रालगत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पोटाशी काय होते ते कोणत्याही वेल्डरला विचारावे. गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा आणि पावसाळ्यापूर्वी गंजरोधक लेप तपासून घ्यावा. वॉटर सर्व्हिसिंगवाल्याला मात्र बॉनेटखाली, विशेषतः उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलच्या जोडांवर, जोराचा फवारा मारू देऊ नये.

बाकीचे सारे नेहमीचेच आहे. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच पातळ ग्रेडचे आणि वर्षातून एकदा तरी बदललेले असावे. शहरातल्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइल लवकर खराब होते, त्यामुळे किलोमीटर भरले नाहीत म्हणून थांबू नये. अनेक गाड्यांत इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राच्या, कूलंटची टाकी इंजिनच्या टाकीपासून वेगळी असते, तिच्याकडेही पाहावे. पुराच्या पाण्यात बुडालेली हायब्रिड कोणीही सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, ती ओढूनच न्यावी.

एवढी निगा राखली तर माझ्या अंदाजाने गोव्यातील हायब्रिड गाडी पंधरा ते वीस वर्षे आणि अडीच-तीन लाख किलोमीटर सहज चालावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्या तपासणीला हायब्रिड गाडी धडधाकट उभी राहू शकते. या प्रवासात एकदा बॅटरी बदलावी लागली तरी तो खर्च वाचलेल्या पेट्रोलच्या हिशेबात धरावा. बॅटरी बहुधा सगळी एकदम जात नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीत २८ मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडलेले लहान संच, होती, आणि त्यांतले एक अशक्त झाले तरी गाडी संपूर्ण बॅटरीचा इशारा देत असे. अशा वेळी कोणते मॉड्यूल कमजोर आहे हे मोजता येते. मात्र जुन्या संचात एखादे भलतेच मॉड्यूल बसवून केलेली स्वस्त दुरुस्ती फार काळ टिकत नाही.

येथेच आमची अडचण आहे. हे मोजमाप करणारे, उच्च दाबाच्या विजेवर हातमोजे घालून नियमाने काम करणारे मेकॅनिक गोव्यात अधिकृत वर्कशॉपबाहेर फारसे नाहीत. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हायब्रिडच्या दुरुस्तीचा लहान अभ्यासक्रम आताच सुरू करावा, कारण २०३० मध्ये गाड्या दारात आल्यावर मुले शिकवायला घेऊन उपयोग नाही. विक्रेत्यांनी प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये बॅटरीची तपासणी करून तिचा छापील अहवाल बिलासोबत द्यावा, आणि बॅटरीच्या पंख्याचा फिल्टर व ब्रेकच्या पिना साफ केल्याची नोंद त्यात असावी. टोयोटा भारतात या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते, तर अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून १० वर्षे किंवा दीड लाख मैलांची, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटरची. तोच लाभ येथील ग्राहकालाही मिळावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरावी. जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्यांनीही किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नये. सगळ्या सर्व्हिसिंगची बिले मागावीत, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी, आणि बॅटरीचा अहवाल हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा