भोकं पाडण्याआधी तुला विचारतोय

रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बापू,

दोन वर्षांत पत्र नाही, आणि फोन केले तेही कामापुरते. रागावला असशील तर तो राग रास्त आहे, मी काही सबब सांगत बसत नाही. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून जेवण झाल्या झाल्या लिहायला बसलो. आज माळ्यावरून काओस, आपलं ते रिमोटवर उडणारं मॉडेल विमान, खाली काढलं.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, बाकी ठीक. तुझी साखर आटोक्यात आहे असं वहिनी म्हणाल्या होत्या, तशीच राहू दे.

तर काओस. बावीस वर्षांची धूळ पुसली आणि खालून तोच पिवळा रंग निघाला, तू तीन हात दिलेला. पंखाला वाक नाही. मधल्या सांध्यावर तू गुंडाळलेली फायबरची पट्टी नखानेही सुटत नाही. शेपटीकडचे बिजागर मात्र कडक झालेत, दोन तर हलवताना तुटलेच. चाकं गेली, रबराचा चुरा झालाय. ते सगळं होईल. प्रश्न नाकाचा आहे, म्हणजे इंजिनाचा, आणि गेले आठ तास माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

जुनंच इंजिन साफ करून लावावं, असं आधी मनात होतं. क्रँक हाताने फिरेना. हेअर ड्रायरने गरम केलं तेव्हा फिरला, पण आतून वाळू दळल्यासारखा आवाज आला, म्हणजे बेअरिंग गंजलेली. मिथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि शेवटच्या उड्डाणानंतर आपण आत तेलाचे चार थेंबही सोडले नव्हते. त्या दिवशी कुणाला सुचणार होतं ते! बेअरिंग बदलता येतात, म्हणून मागचं झाकण आणि हेड उघडलं. आणि बापू, तिथे मी थांबलो.

पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे आहेत. स्लीव्हवरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवरचा, क्रोम तेवढ्याच जागी सोललाय, आतलं पितळ दिसतंय. इंधन कमी पडून तापलेल्या इंजिनाची खूण अशीच असते, हे तूच मला शिकवलंस. मग टाकी काढली. आतली नळी अजून मऊ, कुठे चीर नाही, टोकाचं वजन मोकळं फिरतंय. फूटपट्टी लावून उंची मोजली. टाकीचा मध्य नीडलच्या, म्हणजे इंधन कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या, रेषेपेक्षा आठ मिलिमीटर खाली. म्हणजे जिथे असायला हवा तिथेच. शेवटी नीडल. त्या दिवसानंतर तिला कुणी हात लावलेला नाही, स्प्रिंगने ती होती तिथेच धरून ठेवलेली. एकेक टिक मोजत बंद केली. दीड फेऱ्यालाही दोन टिक कमी भरली. अण्णांच्या वहीत तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘पावणेदोन, याहून कमी नको.’

टाकी तू खाली बसवलीस म्हणून इंजिन गेलं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. तू हत्यारांची पेटी उचलून चालायला लागलास. नंतर आपण बोलायला लागलो, एकमेकांच्या घरच्या लग्नांत राबलो, पण हा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. टाकी बरोबर होती, बापू. जमिनीवर आवाज टिपेला लागेपर्यंत मी नीडल आवळली आणि तिथून मागे घेतली नाही. नाक वर धरून पूर्ण थ्रॉटलला ऐकायचं असतं, तेही केलं नाही, कारण माझा नंबर आला होता आणि मला घाई होती. उभ्या चढात टाकी इंजिनाच्या खाली जाते, इंधन वर चढायला जड पडतं, आणि वरच्या टोकाला इंजिन गप्प झालं. चूक माझी होती. हे बावीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

तेलाच्या भांडणातही तूच बरोबर होतास. थोडं तरी एरंडेल हवंच, तापलेल्या धातूला तेच चिकटून राहतं, असं तू म्हणत होतास. मी नुसतं सिंथेटिक भरलं, मफलर, म्हणजे सायलेन्सर, स्वच्छ राहतो म्हणून. यापुढे तेलात एरंडेल असेल. वहिनींना आधीच सांगून ठेव, कपड्यांना तो वास पुन्हा येणार आहे. अण्णा असते तर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून एवढंच म्हटलं असतं, ‘आधी उतरवा, मग भांडा.’

आता नवं इंजिन कोणतं. मुलगी म्हणते इलेक्ट्रिक कर. तिचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण हिशेब तिच्या बाजूने लागतो. विमान भरतं तीन किलो तीनशे, किलोला तीनशे वॅट धरले तर हजार वॅट, सहा सेलची बॅटरी आरामात देईल. तेल नाही, आणि उडता उडता टाकी रिकामी होऊन तोल सरकणंही नाही. पण बॅटरी आत घालायला फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसतं त्या लाकडी फळीच्या, मागे वरून झडप कापावी लागेल, आणि तिथलंच बाल्साचं हलकं लाकूड तू एका अखंड तुकड्यातून कोरून काढलं होतंस. मी त्यावर करवत चालवणार नाही. पेट्रोलचाही विचार केला. इग्निशन, त्याची वेगळी बॅटरी, वरून ती थरथर, आणि हे सगळं बावीस वर्षं जुन्या डिंकाच्या सांध्यांवर. सोडून दिला.

मग उरलं आपलं जुनंच भांडण, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. तुझी बाजू मला पाठ आहे: नव्वदचं (०.९० घनइंची) फोर-स्ट्रोक, मोठा प्रॉप म्हणजे नाकावरचा पंखा, कमी फेरे, चढताना एकसारखी ओढ, उतरताना तोच प्रॉप ब्रेक लावतो, आवाजही घोगरा, कानाला त्रास नाही. यातलं एकही वाक्य चूक नाही. म्हणून या वेळी वाद न घालता फूटपट्टी घेतली. तुझ्या शेडमधली चाकं आठवून तेवढ्याच व्यासाचे पुठ्ठे कापून लावले, विमान सपाट उभं केलं आणि क्रँकच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजलं. १८५ मिलिमीटर. ११ इंची प्रॉपखाली ४५ मिलिमीटर मोकळे राहतात. १३ इंची लावला तर २०. १४ इंची लावला तर ७. सात मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीची जाडीसुद्धा नाही, आणि उतरताना पुढचा पाय वाकतो तो वेगळाच. गवतावर पहिल्याच दिवशी प्रॉप तुटेल. पुढचा पाय लांब करावा म्हटलं तर नाक वर राहतं, मग धावतानाच ते आपलं आपण उचललं जाईल. तिन्ही पाय लांब केले तर पंखातले ठोकळे उकरून काढावे लागतील.

१३ वर भागवता येईल का, तेही पाहिलं. पण त्या इंजिनाचा कार्ब्युरेटर मागच्या अंगाला येतो, फायरवॉलच्या अगदी तोंडाशी, आणि आपल्या नाकात तेवढी खोली नाही. वर व्हॉल्व्हचं डोकं उंच. नाकाचे दोन्ही बाजूंचे गाल कापल्याशिवाय ते बसत नाही.

आणखी एक हिशेब केला, तो तू तपास. प्रॉपची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर, गुणिले फेरे. ११ बाय ८ चा (११ इंच व्यास, ८ इंच पिच) प्रॉप मिनिटाला १२,००० फिरला तर तासाला सुमारे १४६ किलोमीटरचा वेग पडतो. १४ बाय ६ चा ९,५०० ने फिरला तर जेमतेम ८७. जमिनीवरचे आकडे आहेत, हवेत थोडे वर जातील, पण फरक केवढा आहे बघ. काओस प्रॉपवर लटकून राहणारं विमान नाहीच. जो ब्रिडीने ते आखलं तेव्हा स्पर्धेच्या विमानाला १० सीसीची मर्यादा होती, आणि सगळी कवायत वेगावर चालायची. लांबून सरळ रेषेत यायचं, साठवलेल्या वेगावर मोठा गोल लूप काढायचा आणि त्याच रेषेवर परत. १९७७ साली हान्नो प्रेटनरने क्युरारे नावाच्या विमानावर जगज्जेतेपद घेतलं तेही त्याच मर्यादेत. मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आठ टप्प्यांचा रोल तू घ्यायचास, त्याला वेगच लागतो. ८७ च्या वेगात ते विमान अर्ध्यात नाक टाकील.

म्हणून माझं मत १० सीसीच्या टू-स्ट्रोकचं आहे. नवं, साध्या मफलरचं. मफलरऐवजी लावायचा तो ताकद वाढवणारा लांब पाइप नको. हे वाचून तू खुर्चीतून उठशील, कारण पाइपसाठी मीच हट्ट धरला होता आणि त्याची लांबी जुळवण्यात आपले तीन रविवार गेले होते. पण शेपटी पाहिल्यावर माझं मत बदललं. एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळ्यांचा, दांडा बाल्साचा आहे, दोन्ही भाग एकाच तारेने जोडलेले. पाइप लावून १४,००० फेरे काढले आणि खाली येताना फडफड सुरू झाली तर एका सेकंदात शेपटी जाईल. आजचं टू-स्ट्रोक नुसत्या मफलरवरही आपल्या जुन्यापेक्षा थोडं जास्तच देईल. जुन्या लाकडाला तेवढं पुष्कळ झालं. दांडा बदलून फायबरचा घालणार आहेच, पण तरीही.

वजनही जुळतं. मफलरसकट नवं इंजिन जुन्याच्या आसपास भरतं, म्हणजे नाकात शिसं घालायला नको आणि टाकीही तिथेच राहील. ती मी एक मिलिमीटरही हलवणार नाही.

फायरवॉलचं काम मात्र मोठं आहे. पोगर टोचला तर दोन मिलिमीटर आत गेला. तेल मुरून प्लायवूड काळं पडलंय. टाल्कम पावडर लावून गरम करत तेल ओढून काढायचा प्रयत्न केला, सात-आठ वेळा पावडर पिवळी होऊन निघाली, पण अशा लाकडावर इपॉक्सी धरणार नाही. काढून सहा मिलिमीटरचं बर्च प्लाय घालावं लागेल. इंजिनाला उजवीकडे दोन अंशांचा कल तू कसा दिला होतास? नकाशावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, पण त्यावर तेलाचा डाग आहे. पाचर होती की फायरवॉलच तिरकी बसवली होती? मला काढून बघायचं नाही, आधी तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझ्या निवृत्तीचं कळलं, अभिनंदन. धाकट्याची नोकरी लागली का? नवीन घरात शेडला जागा आहे ना, ते आधी सांग. वहिनींची मान आता कशी आहे? त्यांना माझा नमस्कार. सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो.

फोर-स्ट्रोक अगदीच मनातून जात नसेल तर तेही स्पष्ट लिही. विमान अर्धं तुझं आहे. १८५ चा आकडा मी तीनदा मोजलाय, पण तू येऊन चौथ्यांदा मोजणार असशील तर थांबतो. गाल कापायचे म्हणालास तर गालही कापू, मात्र करवत तू धरायचीस. मला ते जमणार नाही.

नवं प्लाय कापून ठेवलंय. इंजिनाच्या चार बोल्टांच्या खुणा पेन्सिलीने केल्यात. ड्रिल टेबलावर आहे. तुझं उत्तर येईपर्यंत भोकं पाडत नाही. येताना तुझा फेरे मोजायचा मीटर आण, माझा चालत नाही, आणि या वेळी नीडल तू लाव. नाक वर धरायला मी उभा राहीन.

तुझा,
दादू

ता. क. पाइप तुझ्याकडेच आहे, तू त्या दिवशी पेटीतून नेलास. परत मागत नाहीये. पण त्याचा वाकडा जोड मात्र घेऊन ये, त्याच्या बोल्टांची लांबी नव्या मफलरला चालेल असं वाटतंय.