रिकॉलच्या बातमीत ब्रेकचा उल्लेख का नाही?

मा. संपादक,
स. न.

इंजिनातील बेल्टच्या दोषापायी गाड्या परत बोलावल्याची बातमी कालच्या अंकात अर्थविषयक पानावर वाचली. ‘खबरदारी म्हणून बेल्ट तपासून, गरज भासल्यास विनामूल्य बदलून दिला जाईल’ एवढे एक वाक्य, आणि त्याखाली समभागाच्या घसरणीचा तपशील. ज्याच्या दारात ती गाडी उभी आहे त्याने आज ती बाहेर काढावी की नाही, हे त्या बातमीतून कळत नाही.

माझ्या गाडीचा असाच बेल्ट तीन वर्षांपूर्वी गेला. रात्रीची वेळ, लांबलचक उतार, मागच्या सीटवर आई झोपलेली. ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुढच्या वळणावर तो पुन्हा लागला, आणि ब्रेकवर पाय दिला तर पेडल दगडासारखे घट्ट. दोन्ही पायांनी ते दाबून धरत आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी कडेच्या मातीत उतरवली, तेव्हा ती थांबली. त्यानंतर इंजिन पुन्हा सुरू झाले नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उघडल्यावर मेकॅनिकने ऑइल पंपाची जाळी माझ्या हातावर ठेवली. तिच्यात काळ्या रबराचा चिकट चुरा गच्च बसला होता. नखाने खरवडूनही तो निघेना. हा बेल्ट इंजिनाच्या ऑइलमध्येच फिरणारा असतो. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने त्याचे रबर फुगते, त्याचे कण सुटून जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूम पंपालाही पुरेसे ऑइल मिळेनासे होते. म्हणजे बेल्ट अजून शाबूत असतानाच ब्रेक कडक होऊ शकतो, आणि नेमके हेच आपल्या बातमीत नाही.

हे सांगता येत नाही असे मुळीच नाही. फोर्डने 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत सुमारे 1 लाख 40 हजार गाड्या परत बोलावल्या, तेव्हा ऑइल पंपाच्या बेल्टमुळे इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकचा साहाय्यक जोर जाऊ शकतो, हे सांगितले गेले होते. युरोपात प्यूजो, सिट्रोएन अशा गाड्यांत बसणाऱ्या 1.2 लिटरच्या प्युअरटेक इंजिनांच्या बेल्टसाठी 2024 मध्ये हमीची मुदत 10 वर्षे किंवा 1 लाख 75 हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली.

माझ्या बाबतीत मात्र सर्व्हिस सेंटरने ‘ऑइल वेळेवर बदललेले नाही’ असा शेरा जॉब कार्डवर लिहिला. ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती मी त्यांच्यापुढे मांडली, तरी तो शेरा खोडला गेला नाही आणि इंजिनाचा सगळा खर्च मला सोसावा लागला. अकरा महिन्यांनी त्याच बेल्टसाठी रिकॉल जाहीर झाले. गाडी मी जुनी घेतलेली असल्याने सूचनेचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले. त्या भल्या गृहस्थांनी फोन केला म्हणून मला ते समजले. खर्चाची परतफेड मागितली, तर ‘आपली गाडी आधीच दुरुस्त झालेली आहे’ हे उत्तर मिळाले.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत नव्या गाडीच्या रंगांना आणि स्क्रीनच्या आकाराला अख्खे पान मिळते, याचाही मला खेद वाटतो. त्यातला चौथा हिस्सा तरी रिकॉलसाठी द्यावा. कोणत्या महिन्यांत बनलेल्या गाड्या यात येतात, चासी नंबर कोठे तपासावा, बेल्ट बदलेपर्यंत गाडी चालवावी का, आणि ज्यांनी आधीच पदरमोड केली आहे त्यांनी काय करावे, एवढे कृपया छापावे.

ज्यांचे इंजिन सध्या उघडलेले आहे अशा वाचकांना एक विनंती आहे. काढलेला बेल्ट मेकॅनिककडून मागून घ्या आणि पावत्यांसोबत जपून ठेवा. मी तो मागितला नाही, तो भंगारात गेला, आणि पुढे पुरावा मागण्यात आला तेव्हा माझ्याकडे दाखवायला जाळीचा एक फोटो तेवढा उरला होता.

आपला नम्र,
एक नियमित वाचक