शिलाई कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या लेकींसाठी मदतीचे आवाहन

श्रीवर्धन तालुक्यातील समस्त ग्रामस्थ व मुंबईकर चाकरमानी यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

मंडळाची ओळख नव्याने करून द्यायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रस्त्यावरची झाडे तोडून वाट मोकळी करणारी पोरे मंडळाचीच होती. मुंबईकरांनी छपरांसाठी पत्रे पाठवले. कोळीवाड्यातल्या बायकांनी स्वतःच्या घरांवर छप्पर नसताना सगळ्यांसाठी भाताची पातेली चढवली. बाजारपेठेतल्या टेलरकाकांनी दुकानातल्या दोन शिलाई मशीन दिल्या, त्या आजही मंडळाच्या शिवणवर्गात चालू आहेत. आणि वरच्या आळीतले आजोबा! गिरणीत हयात गेली, १९८२ च्या संपानंतर गावी परतले, तुटपुंज्या पेन्शनीतून दर महिन्याला न मागता पाकीट आणून देत. आजोबा आता नाहीत, पाकीट त्यांचा मुलगा आणून देतो. अशा माणसांवर मंडळ उभे आहे.

वादळात पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला वर्षे लागतात. तोवर वाडीच्या कामावर जगणाऱ्या घरांनी काय करायचे? मुली शिलाईच्या कारखान्यांत गेल्या. कोणी भिवंडी-उल्हासनगरकडे, कोणी जवळपासच्याच पत्र्याच्या शेडमध्ये. तिथला माल परदेशी जात नाही. शाळेचे गणवेश, परकर, गाऊन, म्हणजे तुमच्या-आमच्या अंगावरचेच कपडे. निर्यातीच्या कारखान्यात निदान परदेशी गिऱ्हाईकाचा माणूस येऊन संडास आणि हजेरीपट बघून जातो. या मालाला विचारणारा कोणी नाही. दुकानदार ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे.

गणवेशाच्या सीझनला मशीनवर बसलेली मुलगी रात्री नऊशिवाय उठत नाही. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे; हातात पडतो तो चहा आणि वडापाव. मजुरी नगावर, त्यात अल्टर (दुरुस्तीला परत आलेले नग) निघाले की कापाकापी. नगावर काम असले तरी दिवसाची मजुरी किमान वेतनाखाली जाता कामा नये, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा, तो मुद्दाम अडकवतात, म्हणजे बाई दुसरीकडे जात नाही. पोटुशी दिसली की ‘काम संपले’. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या कामगारांच्या पणत्या आज रविवारी कामावर जातात.

दोन वर्षांपासून मंडळ प्रत्येकीला एक वही देते. तारीख, आत-बाहेरची वेळ, किती नग, हातात किती आले, सगळे रोजच्या रोज लिहायचे. कारण कारखान्याच्या हजेरीपटावर सगळ्याजणी सहालाच घरी गेलेल्या असतात. या वह्यांच्या जोरावर काहीजणींचे अडकलेले पैसे सुटले. पण तक्रारीवर सही केली की दुसऱ्या दिवशी गेट बंद. त्या घरात दोन महिने तांदूळ-डाळ पोचली नाही, तर बाई सही मागे घेते. तिला बोल कसा लावणार?

गेल्या मे महिन्यात चाकरमानी गावात असताना याच कामासाठी सभा ठेवली होती. खुर्च्या मांडल्या आणि तशाच उचलल्या. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या सामन्यांना चषक द्यायला देणगीदारांची रांग होती. सामने व्हावेतच, आमचीही पोरे खेळतात. पण संघांचे टी-शर्ट कोणी, किती मजुरीत शिवले, एवढे तरी विचारावे. शाळा समित्यांनीही गणवेशाची ऑर्डर देताना पगारपत्रक मागितले तर आमचे निम्मे काम होईल, त्याला पैसाही लागत नाही.

अपेक्षित रक्कम साठ हजार (शिधा, सुनावणीचे एसटी भाडे, वह्यांची छपाई, झेरॉक्स, वकीलताई फी घेत नाहीत, त्यांचे ऋण वेगळेच). तांदूळ, डाळ, तेलही चालेल. जुने कपडे कृपया नकोत, खोली भरली आहे. सोम. ते शनि. सायं. ५ ते ७ मंडळाच्या कार्यालयात. बँक खात्याचा तपशील तिथल्या फळ्यावर. पावतीशिवाय रोख देऊ नये. देणगीवर आयकराची (८०जी) सवलत नाही. मदत फेब्रुवारीअखेर मिळावी, मार्चपासून सीझन सुरू होतो. मजुरी अडकलेल्या बायकांनी याच वेळेत वही घेऊन यावे, नाव बाहेर जाणार नाही.

आपली नम्र,
चिटणीस