ताम्हिणी सायकल राईड – येत्या रविवारी, सगळ्यांनी वाचा

मंडळी, रविवारी पहाटे ५ ला पुण्यात चांदणी चौकात भेटायचंय, ५.१५ ला निघणार म्हणजे निघणार. रूट नेहमीचाच, पौड - मुळशी - ताम्हिणी घाट - विळे - कोलाड, साधारण १०० किमी, येताना सायकली टेम्पोत.

मुळशीपर्यंत रस्ता सोपा वाटतो पण पुढे धरणाच्या कडेने चढ-उतार सुरूच राहतात, त्यामुळे सुरुवातीलाच दम घालवू नका. खरी काळजी उताराची. झाडीतल्या वळणांवर रस्ता ओला असतो, कडेला हिरवं शेवाळ धरतं, मागच्या वेळी माझं मागचं चाक तिथेच सरकलं आणि कोपर सोललं. ब्रेक पॅड आत्ताच बघून घ्या, झिजले असतील तर बदला. उतारावर ओव्हरटेक नाही, दोघांत चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा.

- हेल्मेट, मागचा लाल लाईट नसेल तर राईड नाही
- दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब
- कोलाडला कुंडलिका नदीत उतरायचं नाही, वर भिरा धरणातून पाणी सोडलं की पात्र पटकन भरतं
- जंगलात प्लास्टिक टाकू नका प्लीज

टेम्पोत जागा मोजकी आहे, येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव टाका.