बाबांच्या ग्रुपवर टाकायचं नाही

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, दीड वर्ष एकाच माशीत काय बघतेस, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ते राहूनच गेलं, तर आता लिहिते.

माशी म्हणजे गांधीलमाशीची लांबची नातेवाईक, जेमतेम तीन मिलिमीटर, म्यानमारच्या काचिनमधल्या अंबरात अडकलेली. आई, अंबर म्हणजे डिंक नाही गं, झाडाची राळ. हिचं वय अंदाजे ९ कोटी ९० लाख वर्षं, म्हणजे क्रिटेशस काळ, आपण बालासिनोरला रैयोलीची डायनासोरची अंडी बघायला गेलो होतो ना (बाबांना गाडी लागली होती ती ट्रिप), त्यांच्याही आधीची. सुरतेकडे वस्तानच्या खाणीत पण अंबर सापडतं पण ते साधारण ५ कोटी वर्षांचं, तोवर डायनासोर संपलेले.

काम म्हणजे काय, तो तुकडा ओल्या पॉलिश पेपरवर हाताने घासायचा, दोन फिरक्या मारायच्या की मायक्रोस्कोपखाली बघायचं, परत घासायचं. एक फिरकी जास्त झाली तर पाय गेला, आणि माझ्याकडे हा एकच नमुना आहे. २०२५ मध्ये काचिनच्याच अंबरातली एक वास्प (हिच्यासारखीच गांधीलमाशीची नातेवाईक) जाहीर झाली, पोटाच्या टोकाला किडा पकडायचा चक्क सापळा असलेली, सिरेनोबेथिलस नावाची, ती शोधणाऱ्यांकडे १६ होत्या! जळले मी.

आणि माझा गाढवपणा ऐका. डंखवाल्या माश्यांमध्ये साधारण मादीच्या मिशीला १२ पेरं असतात, नराच्या १३. मी १२ मोजली, शेपटीकडे राळेत सगळा बुडबुड्यांचा फेस त्यामुळे नांगी आहे की नाही ते दिसतच नव्हतं, म्हणून मादी लिहून मोकळी झाले. दीड महिन्याने दुसऱ्या बाजूने पॉलिश केलं तर बुडबुड्यामागून तेरावं पेर निघालं!! म्हणजे नर, आणि नराला नांगी नसतेच, ती मुळात अंडी घालायची नळी. अर्धं वर्णन परत लिहिलं. पंखांच्या शिरा मात्र बरोबर होत्या, त्यावरच तर नवी जात म्हणतोय आम्ही, आतापर्यंतच्या कुठल्याच नमुन्याशी जुळत नाहीत.

आई, आजीचं नाव द्यायचं तू म्हणालीस ते लक्षात आहे, पण छापून येईपर्यंत नाव सांगणार नाही, बाबा लगेच दांडिया बाजारच्या ग्रुपवर टाकतील.

आणि बाबा, मागच्या खिडकीच्या जाळीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे म्हणालात ते दिवाळीच्या सफाईत पाडू नका प्लीज, ती उगाच कुणाला चावत नाही. बाजूला फूटपट्टी धरून फोटो पाठवा, आणि मागच्या वेळेसारखं त्यात बोट येऊ देऊ नका.

तुमची,
पिंकी